नांगराच्या मुठीचा पेन

तेंदूचं काळं लाकूड मला एका अस्वलानं दिलं, हे आमच्या गावात कोणी मानत नाही. नका मानू. वैशाखातली सकाळ होती. अस्वल झाडाखाली बसलं होतं, मी कुऱ्हाड घेऊन उभा होतो आणि दोघांनाही तेच झाड पाहिजे होतं. त्याला फळं खायची होती, मला फांदीच्या पोटातला काळा गाभा हवा होता. बराच वेळ आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शेवटी समजूत झाली. फळं त्याची, वाळकी फांदी माझी. निघताना त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही, इतका विश्वासाचा व्यवहार.

लाकूड मला पेन करायला पाहिजे होतं. पेन भोजराजसाठी.

भोजराज माझा लहानपणचा दोस्त. तीस वर्षं आमच्या दोघांत एक नांगर होता, एक बैल त्याचा आणि एक माझा. त्याचा हिऱ्या, माझा मोऱ्या. अर्धा दिवस नांगर तो धरायचा, अर्धा दिवस मी. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चाळीस वर्षं आमच्या मंडईचं नाटक तोच लिहीत आला. दिवाळी झाली की आमच्याकडे एकोडीपासून साकोलीपर्यंत गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते. दिवसा दंडार नाचते, सायंकाळी नाटक उभं राहतं, आणि घरोघरी इतके पाहुणे येतात की कोण कोणाचा जावई हे चहा पाजल्यावर समजतं.

आमच्या गावाची एक रीत आहे. रंगपूजेच्या वेळी, नारळ फोडायच्या आधी, लेखकानं सगळ्या गावासमोर नाटकाच्या वहीत सुरुवातीला कोऱ्या सोडलेल्या पानांवर आपल्या हातानं नाटकाचं नाव लिहायचं. तोवर पडदा उघडत नाही. दुसऱ्यानं नाव लिहिलं तर नाटक दुसऱ्याचं झालं. एका साली भोजराजला गालफुगी झाली होती, तर गावानं त्याला खाटेसकट उचलून स्टेजवर ठेवलं होतं.

यंदाचं नाटक होळीपर्यंत लिहून झालं. आणि त्यानंतर महिन्याभरानं त्याला लकवा मारला. जीभ आठ दिवसांत परत आली, आधीपेक्षा जास्त धार लावून. पाय काठीवर आला. उजवा हात मात्र आला नाही. तो मांडीवर पडून राहायचा, दुसऱ्याच्या घरचा असल्यासारखा.

ताराचंद आमच्या मंडळाचा अध्यक्ष. मनाचा वाईट नाही, फक्त घाईचा माणूस आहे. पोळ्याच्या सुमारास तालीम सुरू झाली तेव्हा तो भोजराजच्या ओसरीवर येऊन बसला. मीही तिथंच होतो.

"काकाजी, तुमी काहून चिंता करता? नाव मी लिहून देतो. तुमी बाजूले खुर्चीवर बसा."

"मंग नाटकही तूच लिहून घे ना बापा," भोजराज म्हणाला. "माझी वही मी चुलीत घालतो."

"असं काय बोलता? बरं, नाव तरी लहान करा. 'आई' ठेवा. दोन अक्षरं. डोळे मिटून होते."

"आई पहिल्याच प्रवेशात मरते बे! पुढचे तीन अंक कोन करन? तू?"

नाटकाचं नाव होतं 'धुऱ्यावरचा जावई, सातबाऱ्यावरची सून'. धुरा म्हणजे वावराचा बांध. जोडाक्षरं आणि काना-मात्रा मोजत बसलं तर चहा थंड होतो.

ताराचंद गेल्यावर भोजराज हळू आवाजात म्हणाला, "सोम्या, माझ्या हातानं नाव नाही पडलं तं मी वही जाळतो. आणि पुन्हा एक अक्षर लिहीत नाही. तू साक्षीदार आहेस."

तो जाळणारा माणूस आहे. एकदा त्याच्या राजानं स्टेजवर संवाद बदलला म्हणून यानं मधल्या अंकातच राजाला मारून टाकलं होतं. मेलेल्या राजाला पुढचे दोन तास पडद्यामागे भजी खात बसावं लागलं.

मी म्हटलं, "तुले मी असा पेन करून देतो की हात नाही म्हणूच शकणार नाही."

बोलून तर गेलो. फांदी तेव्हा घरी धानाच्या कोठीत, भुशात वाळत पडली होती. पोटासाठी मी धान केलं, हौसेसाठी सुतारकाम. पाळणे केले, दारं केली, बैलबंड्या केल्या. पेन कधी केला नव्हता. पेन गोल पाहिजे, आणि गोल करायला खराद पाहिजे. खराद माझ्याकडे नव्हता. सुलोचनाबाईचं शिलाई मशीन होतं.

सुलोचनाबाई म्हणजे माझी बायको. मशीनचा पट्टा काढून मी तो सायकलच्या जुन्या हबला लावला, हबमध्ये लाकूड अडकवलं, आणि एवढ्यात ती बाजारातून आली.

"अवो! हे काय करून राहिले? माझं मशीन आहे ते. ब्लाउज शिवायचं!"

"ब्लाउज दिवाळीनंतर शिव."

"आनि मंडईले काय घालून जाऊ? तुमचा पेन?"

"भोजराजसाठी आहे अवं."

 तिनं पिशवी ठेवली, लुगडं खोचलं आणि मशीनवर बसली. "पाय माझे, हात तुमचे. पन बोट कापलं तं मले सांगू नका."

चार दिवस ती पाय मारत होती आणि मी पटाशी धरून बसलो होतो. कीस इतका निघाला की शेजारच्या गोमाजीच्या कोंबड्या आठ दिवस त्यातच अंडी घालत होत्या आणि प्रत्येक अंडं थोडं काळं निघत होतं. गाभ्यातून रिफिलचं भोक सरळ पडायला तीन तुकडे वाया गेले. चौथा जमला. मग जवसाचं तेल चोळलं, पुन्हा चोळलं. पेन असा झाला की मी त्यात पाहून दाढी केली. एकदाच केली. गोल आरशात नाक कुठं संपतं ते कळत नाही.

दसऱ्याला मी तो घेऊन निघालो, आणि इथंच माझी अक्कल चरायला गेली होती. सोनं वाटायला भोजराजच्या ओसरीवर अर्धं गाव जमलं होतं. ताराचंद होता, गोमाजी होता, नाटकातली सगळी नटमंडळी होती. गुपचूप द्यायचा सोडून मी सगळ्यांसमोर पेन वर धरला, अस्वलाची गोष्ट सांगितली, हशा घेतला आणि तो भोजराजच्या उजव्या हातात ठेवला.

पेन घरंगळला.

मी उचलला, त्याची बोटं एकेक करून मिटवली. पुन्हा घरंगळला. तिसऱ्यांदा तो ओसरीच्या पायऱ्यांवरून टकटक करत अंगणात गेला आणि थेट ताराचंदच्या चपलेपाशी थांबला. हसत कोणीच नव्हतं. हसले असते तर बरं झालं असतं.

"ठेव ते," भोजराज म्हणाला.

"अजून एकदा..."

"सोम्या, तुले द्यायचं होतं तं एकट्याले द्यायचं. लोकायसमोर काहून आणलास बे?" आणि मग, माझ्याकडे न पाहता, "मंडई होयेपर्यंत येऊ नको."

साठ वर्षांत हे वाक्य त्यानं मला पहिल्यांदा म्हटलं.

घरी आलो. सुलोचनाबाईनं तोंड पाहिलं आणि वाढायला घेतलं. मी जेवलो नाही. गोष्टीत अस्वलाची समजूत घालणं सोपं आहे. दोस्तानं दार लावलं की माणसाला काही सुचत नाही.

आठेक दिवसांनी लवकर पिकणारं हलकं धान कापायला आलं. सुलोचनाबाईला गोठ्यात पोत्यांसाठी जागा पाहिजे होती. बैल जाऊन किती तरी वर्षं झाली, गावात आता चिखलणी ट्रॅक्टरच करतो, पण आमचा नांगर गोठ्याच्या कोपऱ्यात तसाच पडला होता.

"हे लाकूड काढता का मी चुलीत घालू?" ती म्हणाली.

मी नांगर ओढायला मुठीला हात घातला. तिवसाच्या लाकडाची मूठ, तीस वर्षांच्या घामानं काळी आणि गुळगुळीत झालेली. माझा उजवा अंगठा आपोआप एका खळग्यात जाऊन बसला. माझाच खळगा तो. लाकूड कितीही कडक असलं तरी अंगठा रोज तिथंच दाबला की ते वाट देतं. मग माझी बोटं पलीकडे गेली. पलीकडेही एक खळगा होता. तो माझा नव्हता. माझा अंगठा त्यात बसेना, कारण तो उजव्या अंगठ्याचा नव्हताच.

मी तिथंच धुळीत बसलो.

भोजराज नांगर डाव्या हातानं धरायचा! उजव्या हातात त्याला तुतारी लागायची, ती आरीची काठी, कारण त्याचा हिऱ्या तुतारी पाहिल्याशिवाय पाऊल उचलत नव्हता. माझ्या पाळीत मोऱ्या शिव्यांवर चालायचा आणि हिऱ्यालाही ओढत न्यायचा, म्हणून माझा उजवा हात मोकळा. तीस वर्षं त्या डाव्या हातानं गुडघाभर चिखलात सुतासारखी सरळ रेघ ओढली होती, आणि मी मूर्ख उजव्या हाताची मनधरणी करत बसलो होतो. वर पेन असा गोल केला की धडधाकट माणसाच्या हातूनही निसटावा!

"अवं, करवत दे!"

"साप निघाला काय?"

"करवत दे म्हणतो ना!"

मुठीला करवत लावताना हात एकदा थांबला. मग चालवली. सहा बोटं लांबीचा तुकडा निघाला, दोन्ही खळग्यांसकट. सुलोचनाबाई तोवर मशीनवर जाऊन बसली होती, पाय तयार.

"नाही," मी म्हटलं. "याले गोल नाही करायचं. याले रंधाही नाही लावायचा. हे तयारच आहे. फक्त भोक पाडायचं."

तिवस म्हातारा झाला की लोखंडाला ऐकत नाही. गिरमिट अर्ध्यात तुटलं. शेवटी चुलीत सळई लाल केली आणि जाळत जाळत आत नेली. बोटभर आत गेली की सळई थंड, पुन्हा चुलीत. त्या दिवशी आमच्या चुलीवर भात शिजला नाही, सळईच शिजली. सायंकाळपर्यंत आरपार वाट झाली. तिच्यात जाड जेल रिफिल बसवली, वरून लाख वितळवून पक्की केली, टोक गव्हाच्या दाण्याएवढं बाहेर ठेवलं. पाहणाऱ्याला वाटावं, तुटलेला खलबत्ता आहे.

"हा पेन?" सुलोचनाबाईनं हातात घेऊन वजन पाहिलं. "यानं लिहिता नाही आलं तं मिरच्या कुटता येतीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भोजराजच्या दारात. दार रत्नाबाईनं उघडलं. त्याची बायको, माझी वहिनी, सरळ बाई.

"भाऊजी," ती ओशाळून म्हणाली, "त्यायनं सांगतलं आहे, सोमाजी आला तं मी घरी नाही म्हनून सांग."

आतून आवाज आला, "हो! मी घरी नाही!"

"बरं," मी मोठ्यानं म्हटलं. "मले भोजराजशी कामच नाही. त्याच्या डाव्या हाताशी आहे. तो घरी आहे काय?"

आत खाट करकरली. मग, "डाव्या हाताशी काय काम आहे बे?"

तेवढ्यात मी आत घुसलो. तो खाटेवर बसला होता, समोर पाटावर वर्तमानपत्र. मी म्हटलं, "नांगर विकून राहिलो. गिऱ्हाईक म्हणते मूठ बरोबर नाही. तू पाह्य जरा."

"विकतोस?" त्याचा चेहरा उतरला. "आपला नांगर?"

"मूठ पाह्य ना."

त्यानं डावा हात पुढे केला. मी तुकडा त्यात ठेवला. मी त्याची बोटं मिटवली नाहीत. ती आपली आपण मिटली. अंगठा जरासा चाचपडला, सरकला आणि खळग्यात जाऊन बसला, पाखरू खोप्यात जाऊन बसतं तसा.   मी पाट खाटेवर सरकवला आणि वर्तमानपत्र त्याच्या मुठीखाली आणलं.

"चालव," मी म्हटलं.

"बैल कुठं आहेत?"

"एक मी आहो. दुसऱ्याची वाट पाहू नको."

त्यानं हात ओढला. कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक रेघ गेली. ठळक, काळी आणि सरळ. अशी सरळ की मोजणीवाल्यानं येऊन तिच्यावरून हद्द कायम करावी.

आमच्यात म्हणतात, पहिलं तास सरळ गेलं तर सगळं वावर सरळ. तास म्हणजे नांगराची रेघ. भोजराज त्या रेघेकडे पाहत राहिला. आयुष्यभर त्यानं अक्षरं आधी लिहिली आणि वरची रेघ शेवटी ओढली. आता रेघ आधी आली होती. तिच्याखाली त्यानं मूठ वळवली, जशी बांधापाशी वळवायचा, आणि रेघेला एक अक्षर टांगलं. 'ध'. भाकरीएवढा 'ध'.

"रत्ना!" तो ओरडला. "अवं रत्ना, चाय ठेव! सोम्या आला आहे!"

"मले दिसते ना," रत्नाबाई दारातूनच म्हणाली. ती पदरानं डोळे पुसत होती, आणि चूल तर पेटलीही नव्हती.

चहा पिताना त्यानं विचारलं, "नांगर खरंच विकतोस का बे?"

"आता कोन घेते? मूठ नाही त्याले."

मंडईपर्यंत बारा दिवस होते. रत्नाबाईच्या घरात एकही कोरा कागद उरला नाही. कॅलेंडरची मागची बाजू गेली, लग्नपत्रिका गेल्या, रेशन दुकानाच्या पिशव्याही गेल्या. ताराचंदला आम्ही काहीच सांगितलं नाही. दसऱ्याच्या शहाणपणावर मी तोंड शिवून घेतलं होतं, आणि माझ्यासारख्यानं बारा दिवस तोंड शिवून ठेवणं हे त्या अस्वलापेक्षा मोठं आश्चर्य आहे.

मंडईच्या दिवशी दिवेलागणीला रंगपूजा मांडली. समोर गाव, गावाचे पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे. भोजराज काठी टेकत स्टेजवर आला. टेबलावर वही होती, वहीला हळदकुंकू. ताराचंदनं खिशात चांगला नवा बॉलपेन तयार ठेवला होता. नाव आपल्यालाच लिहावं लागणार, असं त्यानं धरलं होतं.

भोजराजनं सदऱ्याच्या खिशात डावा हात घातला आणि तो तुकडा काढला.

"काकाजी, हे काय आहे?" ताराचंदनं विचारलं.

"नांगर," भोजराज म्हणाला. "सरक."

पहिली रेघ ओढली. खाली अक्षरं टांगली. पण भाकरीएवढी अक्षरं, आणि वही ती केवढी! 'धुऱ्यावरचा' एवढ्यातच पान भरलं.

"आता?" ताराचंद घाबरला.

"आता पान उलट. पन आधी लोकायले दाखव."

ताराचंदनं वही डोक्यावर धरली. मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही चष्म्याशिवाय दिसलं. कोणी तरी वाचलं, "धुऱ्यावरचा!" आणि मग सगळा मांडव ओरडला, "धुऱ्यावरचा!"

पान उलटलं. "जावई!" मांडव हसला, टाळ्या पडल्या. अर्धा मांडव जावयांचाच होता.

तिसरा शब्द अवघड होता. 'सातबाऱ्यावरची' एका पानात मावणारा नव्हता. भोजराजनं पान उलटून वही पूर्ण उघडली, मूठ डाव्या पानाच्या काठावर ठेवली आणि दोन्ही पानांवरून, मधल्या शिवणीवरून, एकच रेघ ओढत नेली. सात... बा... ऱ्या... वर... आणि हात थांबला.

बारा दिवस तो बसून लिहीत होता. आज उभा होता, काठी बाजूला ठेवून. कपाळावर घाम आला.  रिफिलचं टोक कागदाला टेकलेलं, पण पुढे जाईना.  ताराचंदचा हात खिशातल्या बॉलपेनकडे जाताना मला दिसला.

मी उठलो. स्टेजवर चढलो, टेबलाच्या पुढे जाऊन भोजराजकडे पाठ करून उभा राहिलो, जिथं बैल असतो तिथं. मान खाली घातली आणि मागे न पाहता ओरडलो, जसं तो तीस वर्षं ओरडत आला होता, "हो रे हिऱ्या! हो... हो... तास धर, तास!"

आधी मला मागून एक हसू ऐकू आलं. ओळखीचं, दात नसलेलं. मग भोजराजचा आवाज, "हिऱ्या एवढा म्हातारा नव्हता बे," आणि मग कागदावर रिफिलचा खर्र आवाज.

"ची!" मांडव ओरडला. पूर्ण वही वर गेली. "सातबाऱ्यावरची!"

शेवटचं पान त्यानं एका दमात संपवलं. "सून!" तेव्हा बायकांच्या बाजूनं जी आरोळी उठली ती माझ्या सुलोचनाबाईची होती. जुनाच ब्लाउज घालून आली होती, पण आवाज नवा कोरा.

ताराचंदनं नारळ उचलला आणि असा आपटला की पाणी पहिल्या तीन रांगांवर उडालं. घंटा झाली. पडदा गेला. टाळ्या इतक्या झाल्या की नागझिऱ्याच्या जंगलात वाघांनी कूस बदलली. ते अस्वल शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलं होतं. पण तेही कोणी मानत नाही.

विंगेत भोजराज खुर्चीवर बसला. पेन अजून मुठीतच होता.

"जड आहे बे," तो म्हणाला.

"मूठ आहे. आखा नांगर आणू का?"

"नको." तो अंगठ्यानं खळगा चाचपत राहिला. मग म्हणाला, "पुढच्या सालच्या नाटकाले वह्या किती लागतीन?"

"अशा अक्षरानं? बंडीभर."

"मंग बंडीभर आण."

तेंदूचा गोल पेन मी ताराचंदला देऊन टाकला. खिशात शोभतो, लोक विचारतात, आणि तो अस्वलाची गोष्ट माझ्यापेक्षा चांगली सांगतो. आता तर मोहाडीपासून पवनीपर्यंतची मंडळी माझ्याकडे येतात, आम्हालाही तसला पेन करून द्या म्हणतात. मी नाही म्हणत नाही. फक्त एवढंच सांगतो, पेन एका दिवसात होते बापा, पन आधी तीस वर्षं नांगर धरून या.